उनाइसीकडे

फिजीतल्या नसिनूच्या चढावर बसमधून उतरून कुणी बाई पोराला कडेवर घेऊन घुटमळताना दिसली, की कोपऱ्यावरचा दुकानदार न विचारताच हात वर करायचा. “उनाइसीकडे ना? वर जा. हिरव्या पत्र्याचं घर.” कागदोपत्री त्या संस्थेला भलंमोठं नाव होतं, अध्यक्ष होते, खजिनदार होते. पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. सुव्हापासून नौसोरीपर्यंत ज्यांच्या घरात स्वमग्न मूल होतं, ते सगळे एवढंच म्हणायचे, “आम्ही उनाइसीकडे जातो.”

आधी मात्र ते नुसतं घर होतं. उनाइसीचं आणि तिच्या मुलाचं, इसोआचं.

इसोआचा बाप न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जायचा. एका हंगामाला गेला तो तिकडचाच झाला. उनाइसी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. इसोआ चार वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर बघेना, कुणी जवळ घेतलं तर अंग ताठ करून ओरडायचा. चर्चमधल्या बायकांनी येऊन प्रार्थना केल्या. सासरच्या गावाहून निरोप आला की कुणा पूर्वजाचा कोप असणार, जाऊन माफी मागा. तीही मागून झाली. शेवटी एका डॉक्टरणीने ऑटिझम हा शब्द सांगितला. उनाइसी तो शब्द घोकत घोकत घरी आली, कारण शेजारणींनी विचारलं तर नीट सांगता यायला हवा होता. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मात्र फार गोड बोलून दार लावून घेतलं.

मग उनाइसीने नोकरी सोडली. घरी शिलाई घेऊ लागली आणि मशीनवर बसल्या बसल्या मुलाला बघू लागली. बघता बघता तिला तो कळू लागला. त्याला गोंगाट सोसत नाही, अंगावर सैल कपडा सोसत नाही, पण पत्र्यावर कितीही पाऊस वाजला तरी तो खूश असतो. आणि सगळ्यात लाडकी त्याची खिडकी. पुढच्या खोलीला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी होती, तिथल्या सगळ्याच घरांना असते तशी. बाजूची दांडी सरकवली की पट्ट्या उघडायच्या, मिटायच्या. इसोआ दांडी इतकी हळू सरकवायचा की डोळ्यांना कळूही नये, आणि उजेडाच्या रेघा जमिनीवरून कशा चालत जातात ते बघत बसायचा. तेव्हा त्याच्या घशातून एक बारीक गुणगुण निघायची. ती ऐकू आली की उनाइसी मशीनचं चाक थांबवायची. घरात सगळं ठीक आहे, असं तिला ती गुणगुण सांगायची.

शोभना तिला बसमध्ये भेटली. शोभनाची पोरगी शायल दोन बाकांच्या मधे जमिनीवर पडून किंचाळत होती. कुणी म्हणत होतं एक ठेवून द्या, कुणी म्हणत होतं ड्रायव्हर, उतरवा हिला. उनाइसी उठली आणि सरळ त्या पोरीशेजारी खाली बसली.

“दीदी, तिला उचलू नका, आणखी चिडेल,” शोभना रडवेली होऊन म्हणाली.

“मी कुठे उचलतेय? मी नुसती बसलेय. तूही बस. वर उभं राहून काय मिळतंय, सगळ्यांची तोंडंच दिसतात.”

शोभनाला रडता रडता हसू आलं. दोघी उतरायचं ठिकाण सोडून शेवटच्या थांब्यापर्यंत तशाच बसमध्ये खाली बसून गेल्या.

त्या शनिवारपासून शायल यायला लागली. मग एका पोलिसाचे जुळे मुलगे, मग पाद्रीबाबांची नात, मग शोभनाच्या जाऊबाईंच्या माहेरचं कुणीतरी. चर्चने जुन्या खुर्च्या दिल्या. शोभनाच्या टॅक्सीवाल्या नवऱ्याने भिंती रंगवल्या आणि वर सगळ्यांना ऐकवलं, “माझ्या बायकोला मैत्रीण मिळाली आणि माझा रविवार गेला.” दोन तरुण शिक्षिका पगाराची अपेक्षा न ठेवता येऊ लागल्या. गल्लीतल्या बायका गरम बाबाकाऊ तळून आणायच्या. तो गोडसर पाव खाण्यासाठी तरी मुलं एका जागी बसायची. ज्या पोरांना घरच्यांनी मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, ती पोरं उनाइसीकडे येऊन चमच्याने जेवायला शिकली, लघवी लागली की सांगायला शिकली. शायल अकरा वर्षांची झाली तेव्हा तिने एके दिवशी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. शोभना फळ्यासमोर उभी राहून ते वाचत राहिली, पुसू देईना.

उनाइसीचा हात या कामात खरोखर बसला होता. आईबाप तिच्याकडे येताना खांदे पाडून यायचे आणि जाताना थोडे ताठ होऊन जायचे. आजवर कुणाला आपली इतकी गरज पडली नव्हती, हे तिला जाणवायचं, आणि त्यात सुख होतं.

वर्षं गेली, इसोआ मोठा होत गेला, तसा तो मात्र मागे मागे सरकत गेला. पुढच्या खोलीत मुलं आली तेव्हा तो आतल्या खोलीत गेला. आतल्या खोलीत चटया पडल्या तेव्हा स्वयंपाकघरात. तिथे बाबाकाऊची कढई आणि बायकांच्या गप्पा सुरू झाल्या तेव्हा घरामागे, कपडे धुवायच्या पत्र्याखाली. दिवसभर तो तिथेच उकिडवा बसायचा, कानांवर हात ठेवून. दुपार कलली की कुंपणाच्या बाजूने पुढे यायचा आणि पायरीवरच्या चपलांकडे बघत उभा राहायचा. शेवटची चप्पल गेली की आत शिरायचा, थेट खिडकीशी. उनाइसी तेव्हा इतकी दमलेली असायची की ती गुणगुण ऐकता ऐकताच तिचा डोळा लागायचा.

तिचा भाऊ नेतानी वर्षातून एकदा बेटावरच्या गावाहून यायचा, खांद्यावर दालोच्या कंदांची जुडी आणि काखेत कुटून प्यायच्या यंगोनाच्या मुळ्या घेऊन. तिकडे मुलं मामाला मोमो म्हणतात, म्हणून उनाइसीही भावाला मोमोच म्हणायची.

“उना, माझा भाचा धुण्याच्या पत्र्याखाली का बसलाय?” त्याने आल्या आल्या विचारलं.

“त्याला तिथे आवडतं.”

“आवडतं, की तेवढंच उरलंय?”

“मोमो, चार दिवस आलायस तर सुखाने राहा. टोमणे मारायला बोटीचं तिकीट काढलंस का?”

नेतानी हसला, पण पूर्ण नाही. “बहिणीचा मुलगा आहे तो. आमच्या गावात येऊन माझं डुक्कर उचलून नेलं तरी मी चकार शब्द काढायचा नाही, असा त्याचा मान. आणि इथे स्वतःच्या घराबाहेर चपला बघत ताटकळतोय.”

उनाइसीला राग आला. राग आला म्हणून तिने त्या दिवशी भावाच्या दालोत नारळाचं दूध कमी घातलं. 

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातून एका मंडळाची माणसं आली. एकसारखे निळे शर्ट घातलेले म्हातारे, बहुतेक सगळे निवृत्त सुतार नाहीतर गवंडी. सज्जन माणसं. स्वतःच्या खर्चाने आली, स्वतः घमेली उचलली, दुपारी मुलांबरोबर जमिनीवर बसून टिनमधल्या माशांचं कालवण खाल्लं. त्यांनी नवं न्हाणीघर बांधलं, पायऱ्यांशेजारी उतार केला, जमिनीवर मऊ आच्छादन घातलं. मग त्यांच्यातला एकजण खिडक्यांपाशी आला.

“या पट्ट्या धोक्याच्या आहेत. मुलं उपसून काढतात.”

ते खरंच होतं. पोलिसाच्या जुळ्यांपैकी एकाने नुकतीच एक पट्टी ओढून काढली होती, नशिबाने हात वाचला होता.

“सगळ्याच बदलू ना? एकसंध काच बसवू, वर वाऱ्यासाठी झरोके.”

उनाइसीला तेव्हा पुढची खिडकी आठवली नाही असं नाही. आठवली. तिने मागे वळून पत्र्याकडे पाहिलंही. पण तो म्हातारा हातात मोजपट्टी घेऊन थांबला होता, आत मुलं रडत होती, आणि एका खिडकीसाठी सगळ्यांच्या मुलांना धोक्यात कसं ठेवायचं? इसोआची सवय हळूहळू मोडता येईल, मी शेजारी बसेन, असं तिने मनाशी म्हटलं.

“सगळ्याच,” ती म्हणाली.

ठोकाठोकीचा त्रास नको म्हणून इसोआला दोन दिवस शोभनाकडे ठेवलं. तो परत आला तो चपला नाहीत हे बघून थेट खिडकीशी गेला. दांडीच्या जागी त्याने हात नेला. दांडी नव्हती. त्याने चौकटीवर वरून खाली बोटं फिरवली, मग खालून वर. सगळी संध्याकाळ तो दांडी शोधत होता. उनाइसी त्याच्या शेजारी बसायचं म्हणत होती, पण दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, पाहुण्यांसाठी हार करायचे होते, अंगणात मांडव अजून उभा राहायचा होता. दर थोड्या वेळाने ती दारातून डोकावून म्हणायची, “आलेच हं बाळा.”

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, निळ्या शर्टवाल्यांना हार घातले, मुलांनी टाळ्या वाजवत गाणं म्हटलं. मग उनाइसीच्या हातात माईक दिला. तिला भाषणाची सवय नव्हती, पण त्या दिवशी तिला शब्द सुचत गेले.

“हे सगळं एका मुलामुळे उभं राहिलं,” ती म्हणाली. “माझ्या इसोआमुळे. त्याला कुठेच जागा नव्हती, म्हणून...”

तेवढ्यात आत काच फुटल्याचा आवाज झाला.

लोक धावले. इसोआने लहान मुलांचं लाकडी स्टूल काचेवर मारलं होतं. पण तो चिडलेला दिसत नव्हता, ओरडतही नव्हता. चौकटीत जे धारदार तुकडे उरले होते ते तो दोन्ही हातांनी वरखाली हलवून बघत होता, पट्ट्यांसारखे. मनगटांवरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. आणि खिडकीखालच्या चटईवर, गर्दीला घाबरून आत येऊन बसलेला सात वर्षांचा अवनील, भुवईवर हात दाबून किंचाळत होता.

माईक उनाइसीच्या हातातच राहिला होता. तिने इसोआला मारलेली हाक अंगणातल्या भोंग्यातून साऱ्या गल्लीने ऐकली.

दोघांनाही टाके पडले. अवनीलचा डोळा थोडक्यात वाचला. निळ्या शर्टवाला सुतार इस्पितळाच्या ओसरीवर उनाइसीजवळ येऊन नुसता उभा राहिला.  शेवटी पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवून गेला.

आठवड्याने आईबापांची सभा भरली. कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच उनाइसीला जड गेलं. अवनीलची आई म्हणाली, “मी त्याला दोष देत नाही, दीदी. माझ्याही घरात असाच मुलगा आहे. पण माझं पोर आता तुमच्या दारातच किंचाळतं. इसोआ मागे बसलाय हे त्याला कळतं.”

ज्या मुलामुळे दुसऱ्यांना इजा होईल ते सावरेपर्यंत आपल्या घरी राहील, हा नियम उनाइसीनेच केला होता. पण इसोआचं घर हेच होतं. 

शोभना एकटी उठली. “मग बंद करूया. मी म्हणते. माझी पोरगी इथे माणसात आली, तरी मीच म्हणते. घर त्याचं आहे, त्याला परत द्या.”

“आणि आम्ही कुठे जायचं?” कुणीतरी हळूच विचारलं.

उनाइसीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पोलीस, पाद्रीबाबांची सून, अवनीलची आई. प्रत्येकजण पहिल्यांदा त्या दारात कसा उभा राहिला होता ते तिला आठवत होतं. बंद करते, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते बाहेर पडले नाहीत.

नेतानी पुढच्या बोटीने आला. त्याने भाच्याच्या हातांवरची पट्टी पाहिली.

“दोघंही गावी चला,” तो म्हणाला.

“आणि ही मुलं?”

“मी भाच्याला न्यायला आलोय, उना. या मुलांचं मला काय विचारतेस?”

ती त्यांच्याबरोबर गावी गेली आणि आठवडाभर राहिली. निघायच्या दिवशी नेतानीने इसोआला ओहोटीच्या वेळी खडकांवर नेलं. “तो पाण्यात असताना निघ,” त्याने बजावलं होतं. ती नारळांच्या मागून लपत धक्क्यावर गेली. स्वतःच्या मुलापासून असं चोरासारखं निघताना तिला आपलीच लाज वाटत होती.

घरी सगळं पूर्ववत झालं. अवनील पुन्हा येऊ लागला. एका मोठ्या दुकानदाराने मुलांना ने-आण करायला गाडी दिली, वर्तमानपत्रात उनाइसीचा फोटो आला. दुपारी सगळे गेले की ती पायरीवर बसायची. पायरी मोकळी झाली तरी आता आत कुणीच शिरत नव्हतं.

रविवारी चर्च झाल्यावर नेतानी टेकडीवर चढून फोन करायचा, कारण गावात फोन लागत नसे. सुरुवातीला बातम्या वाईट होत्या. जेवत नाही, झाडाखाली झोपतो, एकदा समुद्राकडे पळत सुटला. मग एका रविवारी मोमोचा आवाज बदलला. बायका चटया विणायला केवड्यासारखी लांब पानं सोलतात, त्या पट्ट्यांच्या ढिगाजवळ इसोआ जाऊन बसला होता. एकेक पट्टी बोटांतून ओढत होता, उन्हात धरत होता.

“केलेरा म्हणते, इतक्या सरळ पट्ट्या तिच्या सासूनेही काढल्या नाहीत,” नेतानी बायकोचा हवाला देत म्हणाला. “पुरुषाने बायकांच्या कामात काय बसायचं म्हणून दोघंतिघं हसले. केलेराने त्यांना असं झापलं की आता तेच येऊन पानं टाकून जातात. आणि उना, तो गुणगुणतो.”

उनाइसीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. “ऐकव ना मला.”

“टेकडीवरून कसं ऐकवू? ये तू.”

नाताळच्या सुट्टीत ती गेली, ती त्याला परत आणायचं ठरवूनच. मागची खोली तिने रिकामी करून घेतली होती. तिला बाहेरून वेगळी वाट केली होती, मोडक्या घरातून काढलेली पट्ट्यांची जुनी खिडकी शोधून बसवली होती. शोभनाने आणि तिने मिळून पडदे शिवले होते. मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

इसोआ उन्हाने काळवंडला होता, खांद्यांनी रुंद झाला होता. आईला पाहून तो धावत आला नाही. तो कधीच कुणाकडे धावत येत नसे. पण तिच्या आवाजासरशी त्याचे हात कानांकडे गेले. ते ती विसरू शकली नाही. त्या घरात माझा आवाज सतत त्या सगळ्यांच्या आवाजात मिसळलेला होता, तिला वाटलं, आता याला तो वेगळा कसा काढता येणार? मग ती बोललीच नाही. दिवसेंदिवस न बोलता त्याच्याजवळ बसली, पानं सोलली, नारळ खवला. एका संध्याकाळी ती खवणीवर बसलेली असताना तो मागून आला आणि त्याने तिच्या पाठीला कपाळ टेकलं. ती हात न थांबवता खवत राहिली. वाटी केव्हाच संपली होती, ती नुसती करवंटी घासत होती.

त्याच संध्याकाळी तिची खात्री पटली की तो येणार.

 निघायच्या सकाळी नेतानीने दोघांच्या पिशव्या धक्क्यावर नेऊन ठेवल्या. केलेराने उकडलेला कसावा केळीच्या पानात बांधून दिला आणि इसोआच्या गळ्यात फुलांचा हार घातला. बोट लागली. लोक चढू लागले. उनाइसीने इसोआकडे पाहून मान हलवली, चल.

लहानपणापासून त्याची एक रीत होती. काही हवं असलं की तो आईचं मनगट धरायचा आणि तिचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. पाणी हवं तर नळावर, बाहेर जायचं तर कडीवर. आताही त्याने तिचं मनगट धरलं. टाक्यांच्या जुन्या खुणा तिला कातडीवर जाणवल्या. तो तिला घेऊन फळीवरून बोटीपर्यंत आला. तिला वाटलं, आला.  त्याने तिचा हात बोटीच्या कठड्यावर ठेवला, तिची बोटं एकेक करून त्या लोखंडाभोवती मिटली, नीट बसली का ते दाबून पाहिलं. आणि स्वतःचा हात काढून घेऊन तो फळीवरून परत गेला.

“इसोआ!” ती ओरडली. तो कानांवर हात ठेवून चालत राहिला.

नेतानीने त्याची पिशवी उचलली. “उना,” तो खालून म्हणाला, “तो रागावला नाहीये गं. त्याला नुसतं सांगायचं होतं.”

“मला कळतंय रे,” ती म्हणाली. “मलाच तर कळतं त्याचं.”

बोट सुटली. तिच्या शेजारी चटईवर एक म्हातारी टेकली होती, मांडीवर कोंबडीची टोपली. ती उनाइसीकडे वळली.

“कुणाला सोडून आलीस बाळा?”

“मुलाला.”

“शिकायला ठेवलंय वाटतं नातेवाइकांकडे? येईल हो सुट्टीला.”

“नाही, आजी,” उनाइसी म्हणाली. “तो आता तिथलाच आहे. मीच जाईन सुट्टीला.”

 म्हातारीने चटईवर सरकून जागा केली, आणि उनाइसी तिच्या शेजारी बसून रडू लागली. आवाज दाबायची आता गरज नव्हती. इंजिन जोरात धडधडत होतं. सोमवारपासून मुलं येणार होती.